संध्याकाळ कुणाच्या हक्काची?

आपल्या घरांमध्ये मुलगी बारावी सायन्स चांगल्या गुणांनी पास झाली की एक वाक्य हमखास ऐकू येते. "एमबीबीएस नको, नाइट ड्युटी असते. त्यापेक्षा डेंटल बरे. दवाखाना आपला, वेळ आपल्या हातात." नात्यातल्या वडीलधाऱ्या बायका हे अगदी खात्रीने सांगतात. स्थळ बघायला आलेली मंडळीही मान डोलावतात. मी स्वतः दातांची डॉक्टर आहे, त्यातही रूट कॅनालची स्पेशालिस्ट. एमडीएस होऊन मला चौदा वर्षे झाली. त्या अनुभवावरून सांगते, या वाक्याचा पहिला भाग बराचसा खरा आहे. नाइट ड्युटी आमच्यापैकी बहुतेकांना नसते. दुसरा भाग मात्र तपासून पाहायला हवा. वेळ खरोखर आपल्या हातात असतो का? नसेल तर तो कोणाच्या हातात असतो?

हा विषय आताच लिहायला घेण्याचे कारण घरचेच आहे. माझ्या नणंदेची मुलगी बीडीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला पुढे एमडीएस करायचे आहे. तिच्या आईने मला फोनवर विचारले, "भाभी, इतकं शिकून तिचा संसार नीट होईल ना?" प्रश्न काळजीपोटी होता आणि दोन मिनिटांत उत्तर देण्यासारखा नव्हता. असा प्रश्न पडलेल्या आणखीही आया असतील, म्हणून सविस्तर लिहिते.

नऊ शाखा, नऊ वेळापत्रके

आधी थोडी माहिती. बीडीएसची चार वर्षे आणि इंटर्नशिपचे एक. त्यानंतर नीट-एमडीएसची प्रवेश परीक्षा आणि पुढची तीन वर्षे. मध्ये परीक्षेच्या तयारीत एखादे वर्ष जातेच. म्हणजे अठराव्या वर्षी कॉलेजात पाऊल ठेवलेली मुलगी स्पेशालिस्ट होऊन बाहेर पडते तेव्हा सव्वीस-सत्तावीस वर्षांची असते. लग्न, पहिले मूल आणि व्यवसायाची सुरुवात या तिन्ही गोष्टी तिच्या दारात एकदमच येऊन उभ्या राहतात.

या व्यवसायाशी आपले नाते जुने आहे, हेही मुलींना माहीत असावे. भारतातले पहिले डेंटल कॉलेज १९२० साली कोलकात्यात डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी सुरू केले. त्याचा खर्च भागवण्यासाठी त्यांनी शहरात आइस्क्रीम आणि सोड्याचे दुकान चालवले होते. गोड विकून दातांचे कॉलेज चालवणारा हा माणूस मला नेहमी आवडतो. २४ डिसेंबर हा त्यांचा जन्मदिवस आपल्या देशात राष्ट्रीय दंतवैद्य दिन म्हणून पाळला जातो.

एमडीएसच्या आज नऊ शाखा आहेत आणि प्रत्येकीचे घड्याळ वेगळे आहे. जबड्याच्या सर्जनला अपघाताच्या केसेससाठी रात्री-अपरात्री हॉस्पिटलचा फोन येतो, म्हणजे नाइट ड्युटी इथे आहेच. तारा लावणाऱ्या ऑर्थोडॉन्टिस्टचा एकेक पेशंट दीड-दोन वर्षे दर महिन्याला येतो. त्यामुळे दिवस आधी ठरवता येतात, पण शाळा-कॉलेजची मुले मोकळी असतात रविवारी, म्हणून डॉक्टरचा रविवार जातो. लहान मुलांच्या डॉक्टरची गर्दी शाळा सुटल्यावर आणि सुट्ट्यांमध्ये, म्हणजे स्वतःची मुले घरी असतात नेमकी तेव्हा. कवळी, कॅप, इम्प्लांटचे काम करणारे लॅबवर अवलंबून. उद्या पेशंटच्या घरी लग्न असते आणि दात लॅबमधून आलेले नसतात. हिरड्यांच्या स्पेशालिस्टचे काम ठरवून करण्यासारखे असते, पण पेशंट सांगेल ती वेळ त्यांनाही चुकत नाही. ओरल पॅथॉलॉजी आणि पब्लिक हेल्थवाल्यांची नोकरी बहुधा कॉलेजात, सकाळी जायचे आणि दुपारी परतायचे. वेळेच्या दृष्टीने सगळ्यात सोयीची हीच, पण जागा मोजक्या असतात. मुखरोग आणि एक्स-रेच्या शाखेचे काम कॉलेजात किंवा स्कॅन सेंटरवर, बहुतेक दिवसा. नववी शाखा माझी, दात वाचवण्याची.

मुलगी शाखा निवडते तेव्हा घरात चर्चा होते ती कमाईची आणि मार्कांची. त्या शाखेची संध्याकाळ कशी असते, हे कोणी विचारत नाही. माझी संध्याकाळ कशी होती, ते सांगते.

दुसऱ्यांच्या खुर्च्या

मी मिरजेत राहते. सकाळी माझा स्वतःचा छोटा दवाखाना. पण नव्या स्पेशालिस्टचे घर फक्त स्वतःच्या दवाखान्यावर चालत नाही. म्हणून आमच्यापैकी बरेच जण दुसऱ्या डेंटिस्टच्या दवाखान्यात व्हिजिटला जातात. पद्धत अशी की दवाखाना त्यांचा, खुर्ची त्यांची, पेशंटही त्यांचा. अवघड दाढेचे रूट कॅनाल असेल की ते आम्हाला बोलावतात. आम्ही आमची बॅग घेऊन जायचे, काम करायचे आणि केसमागे ठरलेली रक्कम घ्यायची. कुठे ती त्याच दिवशी मिळते, कुठे महिनाअखेरीस, कुठे आठवण करून दिल्यावर.

माझ्या बॅगेत मोटर, मुळाची लांबी मोजायचे यंत्र, फाइल्सचे डबे, रबर डॅमचा सेट आणि चष्म्याला बसवलेली भिंगे. वजन सात-आठ किलो. सांगली, जयसिंगपूर, तासगाव, इचलकरंजी अशा ठिकाणचे पाच दवाखाने माझ्याकडे होते. कोणता फोन कधी येईल, याचा नेम नव्हता. "मॅडम, पेशंटला साडेआठलाच जमतंय. येताय ना?" पेशंट नोकरी किंवा दुकान आटोपून येणार, म्हणून वेळ त्याची. डेंटिस्टची खुर्ची रिकामी होणार तेव्हा, म्हणून वेळ त्यांची. पेशंट चाळीस मिनिटे उशिरा आला की पुढच्या गावातली केसही तेवढीच पुढे सरकायची. वरच्या दाढेला तीन मुळे असतात आणि त्यांपैकी एकात बऱ्याचदा आणखी एक बारीक नळी दडलेली असते. ती सापडली नाही तर दाढ पुढे पुन्हा दुखते. ती शोधायला कधी दहा मिनिटे लागतात, कधी पाऊण तास. घरी भाजी निवडून ठेवली आहे, म्हणून त्या नळीचा शोध अर्धवट सोडता येत नाही.

म्हणजे दवाखाना आपला आणि वेळ आपल्या हातात, यातले दुपारी चारनंतर काहीच खरे नव्हते. संध्याकाळी पाच ते साडेनऊ हा दातांच्या डॉक्टरांचा सगळ्यात गर्दीचा वेळ आणि घराचाही तोच. असरपासून इशापर्यंतच्या वेळात मुले शाळेतून आलेली असतात, गृहपाठ असतो, नमाज असते, पाहुणे येतात, रात्रीचा स्वयंपाक असतो. दिवसभर घरात असून संध्याकाळी नसलेली बाई ही घराच्या हिशेबात नसल्यासारखीच असते.

माझी मुलगी तेव्हा तिसरीत होती. गृहपाठातल्या शंका ती वडिलांच्या मोबाइलवरून मला आवाजी संदेश करून पाठवायची. मी दोन केसेसच्या मध्ये गाडीत बसून उत्तरे पाठवायची. काही दिवसांनी मैत्रिणीशी झालेले भांडणही तिने तसेच सांगितले. बेचाळीस सेकंदांचा संदेश होता. मी तो जयसिंगपूरच्या रस्त्याकडेला गाडी थांबवून दोनदा ऐकला.

दहा नंबरच्या फाइलचे टोक

शरीराचाही हिशेब असतो. आमचे काम मान वाकवून, एका बाजूला किंचित वळून, तासन् तास एकाच जागी बसून करायचे. रूट कॅनालच्या अगदी बारीक, दहा नंबरच्या फाइलचे टोक ०.१० मिलिमीटर असते. ती दाताच्या आत कुठे अडकते आहे, कुठे वळते आहे, हे डोळ्यांना दिसत नाही. ते अंगठा आणि तर्जनीच्या टोकाला कळते. आमची खरी डिग्री या दोन बोटांत असते.

चार वर्षांपूर्वी माझ्या उजव्या हाताच्या याच दोन बोटांना मुंग्या येऊ लागल्या. हाडांच्या डॉक्टरांनी एमआरआय करून सांगितले की मानेच्या मणक्यांमधली गादी सरकून नसेवर दाब येतो आहे. ऑपरेशनची गरज नव्हती. फिजिओथेरपी, बसण्याची पद्धत आणि कामाचे तास या तीन गोष्टी त्यांनी सांगितल्या. पहिल्या दोन मी लगेच अमलात आणल्या. कमरेला आधार देणारे स्टूल घेतले, मान कमी वाकवावी लागेल अशा कोनाची भिंगे करवून घेतली, दर वीस मिनिटांनी मान सरळ करायची सवय लावली. तिसरी गोष्ट माझ्या हातात नव्हती. तास मी ठरवत नव्हतेच.

त्यातच एक वेगळा थकवा जाणवू लागला. झोपून उठले तरी न जाणारा. पेशंट दुखण्याने कळवळतो आहे आणि आपल्या मनात फक्त घड्याळ आहे, असा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आपल्या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद केली. तो आजार नसून कामाशी निगडित स्थिती आहे, असे तिथे म्हटले आहे. तिची तीन लक्षणे दिली आहेत. शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामाबद्दल मनात दुरावा किंवा कडवटपणा येणे आणि हातून काम नीट होत नाही असे वाटणे. पहिली दोन माझ्याकडे होती. तिसरे येऊ नये, एवढीच इच्छा होती.

अम्मींची शिलाई मशीन

यातून वाट सापडली ती सासूबाईंमुळे. आम्ही त्यांना अम्मीच म्हणतो. अम्मी सातवी शिकलेल्या. सासरे लवकर गेले तेव्हा त्यांनी घरी शिलाईचे काम करून तीन मुले वाढवली. ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश. मजुरी नगावर.

एका रात्री दहाला मी घरी आले. सगळे झोपले होते. अम्मी जाग्या होत्या. त्यांनी ताट वाढले आणि समोर बसल्या. मी त्यांना व्हिजिटची पद्धत समजावून सांगितली. केस केली तर पैसे, नाही केली तर नाही आणि एकदा नाही म्हटले की पुढच्या वेळी दुसऱ्या डॉक्टरला फोन जातो. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे तुझं कामही नगावरचंच आहे की. मला वाटायचं डॉक्टरांना पगार असतो."

मला हसू आले. त्या पुढे म्हणाल्या, "नगावरच्या कामाला शेवट नसतो, बेटा. एक ब्लाउज झाला की दुसरा असतोच. मी मगरिबची अजान झाली की मशीनवर कापड टाकायची. गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी. दोन-चार बायका तुटल्या. बाकीच्या दुपारी यायला लागल्या."

"आणि सणाच्या दिवसांत?"

"सणाच्या आधी पंधरा दिवस रात्री बसायची. पण ते घरात आधी सांगून. पोरांना माहीत असायचं, अम्मी ईदपर्यंत रात्री मशीनवर आहे आणि ईदनंतर नाही."

आठ वर्षे शिकलेल्या मला व्यवसायाच्या व्यवस्थापनाचा हा धडा कोणत्याही कॉलेजात मिळाला नव्हता. माझे पती हायस्कूलमध्ये शिक्षक आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी हजरत सलमान फारसी (रजि.) आणि हजरत अबू दरदा (रजि.) यांचा प्रसंग काढला. सहीह बुखारीत तो आला आहे. अबू दरदा दिवसा रोजे आणि रात्रभर नमाज यांत इतके गढले होते की घराकडे त्यांचे लक्ष नव्हते. सलमान पाहुणे म्हणून आले. त्यांनी अबू दरदांना जेवायला बसवले, रात्री झोपायला लावले आणि अल्लाहचा, स्वतःच्या जिवाचा आणि घरच्यांचा असा प्रत्येकाचा हक असतो, तो ज्याचा त्याला द्यावा, हे समजावले. पैगंबर (स.) यांच्या कानावर ही गोष्ट गेली तेव्हा त्यांनी सलमान यांचे म्हणणे खरे ठरवले. जिथे इबादतीलाही मर्यादा सांगितली आहे, तिथे रूट कॅनालची काय कथा, असे माझे पती म्हणाले. आम्ही दोघे कागद घेऊन बसलो.

कागदावरचे वेळापत्रक

आम्ही जे ठरवले ते अगदी साधे होते. प्रत्येक दवाखान्याला एक ठरलेला वार. मंगळवारी जयसिंगपूर, गुरुवारी इचलकरंजी, शनिवारी सांगलीतले दोन दवाखाने, तासगावला एक आड एक बुधवार. शेवटची केस सात वाजता सुरू होणार, त्यानंतर नवी नाही. सोमवार, शुक्रवार आणि रविवारच्या संध्याकाळी व्हिजिट नाही. हे मी पाचही डॉक्टरांना प्रत्यक्ष भेटून सांगितले आणि लिहूनही दिले.

परिणामही प्रामाणिकपणे सांगते, कारण अशा लेखांत बहुधा फक्त गोड शेवट असतो. पाचपैकी दोन दवाखान्यांनी मला बोलावणे बंद केले. एका डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, "मॅडम, वेळ पेशंटची असते, स्पेशालिस्टची नाही." पहिल्या सहा महिन्यांत व्हिजिटची कमाई साधारण चौथ्या हिश्श्याने घटली. गाडीचा हप्ता होता, त्यामुळे घरात थोडी ओढाताण झाली. मुलांच्या सुट्टीतला प्रवास त्या वर्षी रद्द केला.

हळूहळू दुसरी बाजू दिसू लागली. पूर्वी मी तीन गावांत तीन केसेस करायची. आता एका गावात एका संध्याकाळी तीन केसेस साठवलेल्या असतात. पेट्रोल वाचले, रस्त्यावरचे तास वाचले, बॅग एकदाच उघडायची आणि एकदाच आवरायची. डेंटिस्टनाही पेशंटला नक्की वार सांगता येऊ लागला. वर्षभरात कमाई बरीचशी भरून निघाली, पूर्ण नाही. सोडून गेलेल्या दोन दवाखान्यांपैकी एक परत आला.

दुखणाऱ्या दाढेचे काय?

या सगळ्यात एक प्रश्न मला सतत टोचत होता. दात रात्रीच जास्त ठणकतो. आडवे पडले की आतल्या नसेतला दाब वाढतो, म्हणून माणूस रात्रभर बसून काढतो. अशा माणसाला "मॅडम गुरुवारी येतील" असे कसे सांगायचे? माझ्या घराच्या हकासाठी दुसऱ्याच्या दुखण्याचा हक मारला जाणार नाही ना?

यावर उत्तर कामाच्या पद्धतीतच होते. ठणका थांबवण्यासाठी पूर्ण रूट कॅनालची लगेच गरज नसते. दाढ उघडून सुजलेली नस वरच्या भागातून काढली आणि औषध घालून तात्पुरते बंद केले की बहुतेकांना त्याच रात्री झोप लागते. एवढे कोणताही चांगला बीडीएस डॉक्टर करू शकतो. माझ्या दवाखान्यांतल्या तरुण डॉक्टरांसोबत बसून मी हे काम पक्के करून घेतले. भूल नीट चढत नसेल तर काय करायचे तेही. सुजलेल्या दाढेत भूल कमी लागते, हा नेहमीचा अनुभव आहे.

मात्र काही गोष्टी कोणाच्याच वेळापत्रकात बसत नाहीत. जबड्याखाली सूज पसरत आहे, ताप आहे, तोंड उघडत नाही, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होतो आहे, अशा वेळी डॉक्टरच्या वाराची वाट न पाहता सरळ हॉस्पिटल गाठावे. हे वाचकांनीही लक्षात ठेवावे.

आणखी एक अडचण मला इचलकरंजीत कळली. यंत्रमागावर काम करणारा एक पेशंट म्हणाला, "मॅडम, सातच्या आत यायचं म्हणजे माझी अर्धी पाळी बुडते." त्याचे म्हणणे बरोबर होते. वेळेची शिस्त सगळ्यात जास्त त्यालाच बोचते, ज्याच्याकडे स्वतःचा वेळ सगळ्यात कमी आहे. अम्मींच्या ईदच्या शिलाईसारखे मी ठरवले की महिन्यातला पहिला गुरुवार रात्री नऊपर्यंत, फक्त कामगारांसाठी. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवसाला मुलगी स्वतः लाल गोल करते. त्या रात्री आई उशिरा येणार हे आधीच ठाऊक असल्याने कोणी रुसत नाही.

रमजानमधले घड्याळ

रमजानमध्ये मी व्हिजिटच्या केसेस सकाळी घेते, तासगावच्या सोडून, आणि दुपारी दोनला हात थांबवते. रोजात दुपारनंतर नजर आणि बोटे थकतात आणि माझे काम थकल्या बोटांनी करण्याचे नाही. माझे बहुतेक सहकारी मुस्लिमेतर आहेत. त्यांनी हा बदल कुरकुर न करता मान्य केला. तासगावच्या डॉक्टर ताई तर पहिल्या वर्षी माझी केस लांबली तेव्हा स्वतः खजूर आणि पाणी घेऊन खुर्चीपाशी उभ्या होत्या.

आपल्या लोकांना मात्र एक विनंती. रोजात दाताचे काम चालत नाही असे समजून अनेक जण महिनाभर दुखणे अंगावर काढतात आणि चाँदरातीला सुजलेला गाल घेऊन येतात. जेद्दा येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९९७ च्या ठरावात दात भरणे, काढणे, साफ करणे यांमुळे रोजा तुटत नाही असे म्हटले आहे. अट एवढीच की घशाखाली काही जाऊ देऊ नये. मनात शंका असेल तर आपल्या आलिमांना विचारावे, किंवा इफ्तारनंतरची वेळ मागावी. पण दुखणे साठवू नये. चाँदरातीला तुमच्या डॉक्टरच्याही घरी शीरखुर्म्याची तयारी चाललेली असते.

घरच्यांशी दोन शब्द

नणंदेला मी काय सांगितले? मुलीला जरूर शिकवा. दात वाचवण्याचे काम चांगले आहे, त्यात इज्जत आहे, समाधान आहे. पण "डेंटल म्हणजे वेळ आपल्या हातात" असे सांगून तिचे लग्न ठरवू नका. समोरच्या घराला स्पष्ट सांगा की हिचे काम संध्याकाळचे आहे. आठवड्यातल्या तीन-चार संध्याकाळी घरात कोण असेल, मुलांचा गृहपाठ कोण घेईल, हे आधी बोला. माझ्या घरी ते माझे पती करतात. सुरुवातीला नातेवाइकांनी त्यांना टोमणे मारले. त्यांनी उत्तर दिले नाही, पोळ्या लाटायला शिकून घेतले. पोळ्या अजून गोल होत नाहीत. मुले नकाशे म्हणून खातात.

आणि ही चौकशी फक्त मुलींची नको. माझ्या वर्गातला एक मित्र जबड्याचा सर्जन आहे. त्याला अपघाताच्या केससाठी रात्री दोनला बोलावतात. त्याची मुले त्याला रविवारी दुपारी झोपलेलाच पाहतात. त्याच्या लग्नाच्या वेळी कोणीही विचारले नव्हते की संसार कसा सांभाळशील. त्याने ते स्वतःच स्वतःला विचारले आणि आता तो आणि दुसरा एक सर्जन रात्रीचे फोन आठवड्याआड वाटून घेतात.

माझ्या बोटांच्या मुंग्या पूर्ण गेलेल्या नाहीत. थंडीत जाणवतात. व्यायाम रोज करावा लागतो. सोमवारी संध्याकाळी मी घरी असते तेव्हा दर वेळी काही थोर घडते असेही नाही. कधी मुले भांडतात, कधी पाहुणे येतात, कधी मी नुसती झोपते. मुलगी आता सातवीत आहे. तिच्या शंका आता माझ्या आवाक्याबाहेर चालल्या आहेत, पण त्या ती समोर बसून विचारते.

भाचीला मी एकच गोष्ट वेगळी सांगितली. एमडीएस झाल्यावर पहिले व्हिजिटिंग कार्ड छापशील तेव्हा त्यावर नाव, पदवी आणि फोन नंबर असेलच. त्याच कार्डावर शेवटची वेळही छाप. सुरुवातीलाच छापलेली वेळ लोक सहज स्वीकारतात. नंतर सांगायला गेले तर फार समजावावे लागते.